मावशीच्या स्वप्नातला चेहरा

मित्रांनो, आज येवल्याहून परतल्यापासून कामात लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

माझी छोटी ॲनिमेशन फिल्म तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. त्यातलं स्वप्न माझ्या मावशीचं. काका गेल्यापासून ते तिच्या स्वप्नात येतात, मागावरच्या पैठणीवरून चालत येतात आणि हसतात. मी पैठणीचा एकेक धागा वेगळा रेखाटला. काकांचा चेहरा मात्र जमेना, म्हणून कोराच ठेवला. तुम्ही त्या कोऱ्या चेहऱ्याचंच कौतुक केलंत आणि तो मुद्दाम ठेवल्यासारखं मी मिरवलं.

फिल्म मावशीलाही पाठवली होती. आज भेटायला गेलो तर चहा देताना ती म्हणाली, “लय भारी केलंय रे. पण आता ते येतात तर तोंडच दिसत नाय. तू काढलंय तसंच, कोरं.”

मी भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे पाहिलं.

“त्यात कुठं हसतात ते? फोटोवाला सांगून दमला, पण नाय हसले. तुझ्याकडं कॉम्प्युटर हाय ना, तेवढं हसू घालून दे.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आता इंदिरानगरच्या खोलीवर चेहरा काढायला बसलोय. फोटोवरून नाक-डोळे जमतील. पण काका माझ्यासमोर कधी हसल्याचं आठवत नाही. ते हसू मी चुकीचं काढलं, तर मावशीला रोज तेच दिसेल.

तुम्ही माझ्या जागी असता तर काढलं असतंत का?