दादूबुवांचं कडवं

संगमेश्वरकडच्या वाड्यांत केरू धुमकाचं नाव काढलं की लोक अजून विचारतात, "जाखडीवाला केरू ना?" पोरं पायात घुंगरू बांधून फेर धरायची आणि मधे बसून केरू गायचा. गाणं त्याचं, पण शेवटच्या कडव्यात नाव गुरूचं, दादूबुवांचं. जाखडीतली रीतच तशी. बुवांना मूलबाळ नव्हतं. जाताना म्हणाले होते, "केरू, माझा नाव चालवायला कोण नाय. तुझ्या गाण्यात तेवढा ठेव."

उमेदीच्या काळात मुंबईच्या एका कंपनीने त्याची कॅसेट काढली. गाण्याचे हक्क लिहून घेणाऱ्या कागदावर केरूने बेधडक सही ठोकली. गाण्यात गुरूचं नाव असताना ते परक्याचं होईलच कसं?

कॅसेट आली. अख्खी वाडी ऐकायला बसली. शेवटचं कडवं आलंच नाही. एका बाजूला मावेना म्हणून कंपनीने ते कापलं होतं. केरू खाली मान घालून उठला, तो त्या वर्षी फडात बसलाच नाही.

यंदा नात निशिगंधा म्हणाली, "आजोबा, अख्खं गाणं पुन्हा म्हणा. मी यूट्यूबवर टाकते."

दम्याने पोखरलेला केरू आठवडाभर गरम पाणी पीत राहिला. मग देवापुढे निरांजन लावून, थांबत थांबत का होईना, बुवांच्या नावासकट गायला.

तिसऱ्या दिवशी गाणं गायब.

"काय झाला गो?"

"ती जुनी कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली, आजोबा. सगळ्या गाण्यांसकट. ते म्हणतात, गाणं त्यांचं."

"म्हशींसकट गोठा घेतात तसा?" केरू हसला, पण खोकल्याने हसू पुरं झालं नाही. "मग कापलेला गाना?"

"ते आहे यूट्यूबवर, त्यांनीच टाकलेलं. लाखो लोकांनी ऐकलंय."

"बुवांशिवाय," केरू म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

गणपतीत आरती झाल्यावर तो आपणहून पाटासमोर बसला. गाऊ लागला. निशिगंधाने सवयीने मोबाईल वर धरला.

"नको गो बाय," त्याने हाताने अडवलं. "परत त्यांचा होयल."

शेवटचं कडवं आलं आणि दम तुटला. सूर काही केल्या लागेना. शेवटी मूर्तीच्या पायांवर हात ठेवून केरूने बुवांचं नाव नुसतं बोलून दाखवलं.