वरवंट्याखालचं पुस्तक

माझ्या जाऊबाईएवढी भित्री बाई आमच्या अख्ख्या तांडापेठ मोहल्ल्यात नव्हती, अन् तिच्याएवढी वाचणारीही नव्हती. आता भित्र्या माणसानं भुताच्या वाटेले जाऊ नये, एवढी अक्कल तर असते ना? गोपिकाबाईले नव्हती. गोळीबार चौकातल्या लायब्ररीतून तिले पुस्तक पाहिजे ते भुताचं, अन् भुताचं नसलं तर सासू-सुनेचं. दिवसा वाचे, अन् दिवे लागले की ते पुस्तक धान्याच्या कोठीवर ठेवून त्याच्यावर वरवंटा ठेवे. काहून, तर आतलं बाहेर येऊ नये म्हणून. सकाळी मी चटणी वाटाले बसली की पाटा असे, वरवंटा नसे. मी ओरडली की ती म्हणे, थांब वं, आधी ऊन आत येऊ दे.

मी तिची धाकटी जाऊ, भागीरथा. ही सत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. माझा नवरा गिरणीत जाये, अन् गोपिकाबाईचे मालक मनोहरराव, म्हणजे माझे भासरे, घरीच मागावर लुगडी विणत. आमचा माग खड्ड्यातला. विणणारा माणूस जमिनीवर बसते, अन् त्याचे पाय खाली खड्ड्यात, पायानं दाबायच्या पावड्यांवर. आम्ही दोघी बाजूले चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसो. दुपारची जेवणं झाली की जाऊबाई आपला चरखा माझ्याकडे सरकवे अन् पुस्तक उघडे. मोठ्यानं वाचे, कारण मागाच्या खटखटीत हळू बोललेलं ऐकू येत नाही. मले अक्षर येत नव्हतं. मी ऐको, अन् तिच्या वाट्याच्या कांड्याही मीच भरो. राग येत नव्हता असं नाही, पण पुढं काय झालं ते ऐकल्याशिवाय मले घास गिळवत नव्हता.

मनोहरराव ऐकत नव्हते. म्हणजे तसं ते सांगत. पुस्तकं म्हणजे रिकाम्या बायांचे धंदे, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांचा माग खोटं बोलत नव्हता. भुताचं पान आलं की सूत इकडून तिकडे नेणारा धोटा हळू होये. आमची लुगडी घेणाऱ्या इतवारीच्या शेठनं एकदा लुगडं उजेडात धरलं अन् विचारलं की मधात मधात वीण अशी ढिली काहून. त्यांनी सांगतलं, सूत ओलं होतं. मले चांगलं ठाऊक होतं, ती ढिली जागा म्हणजे पडक्या बंगल्यातली बाई आरशातून बाहेर निघाली ती दुपार.

एका पुस्तकात तळघर होतं. त्यातून हात वर येये अन् पायरीवर बसलेल्याचा घोटा धरे. वाचता वाचता जाऊबाईचा आवाज बसला. माझा चरखा थांबला. वळून पाहिलं तर मागही बंद, अन् तो सहा फुटी माणूस दोन्ही पाय खड्ड्यातून वर घेऊन मांडी घालून बसलेला. मुंगी चावली, म्हणाले. भासऱ्यासमोर धाकटीनं तोंड उघडायचं नाही अशी आमच्यात रीत, म्हणून मी पदरात हासून घेतलं. पण दुसऱ्या दिवसापासून मागावर बसाच्या आधी ते एक काठी घेत, खड्ड्यात चारी बाजूनं खडखड करत, अन् मगच पाय टाकत. उंदीर लय झाले म्हणत.

सासू-सुनेच्या पुस्तकावर मात्र जाऊबाई वरवंटा ठेवत नसे. ते संपलं की त्याच दिवशी परत करून येये, उगाच घरात राहू देत नसे. मी विचारलं, यात तर भूत नाही, मग तुमचं तोंड एवढं उतरते काहून?

"भूत पडक्या बंगल्यात राहते वं," ती म्हणाली. "आपण तिकडे जातच नाही. हे लोक घरात राहतात. याइच्यावर काय ठेवू?"

एखाद्या सुनेले उपाशी ठेवलं, मारलं, असं आलं की ती मधातच थांबे अन् पानं सोडून पुढं जाये. मले समजे, कारण गोष्टीचा सांधा तुटे. मी चिडून विचारो, मधलं कुठं गेलं? मधात काही नाही, सगळे जेवले, ती म्हणे. नेहमी तेच. कोणाचं काहीही होवो, गोपिकाबाईच्या पुस्तकात सगळे जेवत.

तिचं असं काहून होते, ते मले उडत उडत ठाऊक होतं. तिची थोरली बहीण रुखमा उमरेडले दिली होती, अन् ती विहिरीत पडून गेली. पाय घसरला म्हणत. त्याच्यापुढं आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं, अन् मीही कधी उकरून काढलं नाही.

जाऊबाईले एकच पोरगी, चंद्रकला. सावनेरले दिली, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरी. लग्नाले वर्ष झालं नव्हतं, दिवाळीले माहेरी आली, अन् परत जायचं नावच काढेना. दिवसभर आईच्या मागं मागं. चूल पेटव म्हटलं की काडी हातातून पडे. एक दिवस आंगणात धुणं वाळू घालता घालता बोलली. मी तिथंच होती.

"सांजच्याले मले कापसाच्या खोलीत कोंडतात, आई. सासू दाराशी कंदील घेऊन बसते. म्हणते, कापसाले एक ठिणगी पुरते."

आईगं! माझ्या हातातलं ओलं लुगडं मातीत पडलं. इतकी वर्षं भुतं ऐकली, कधी हातातलं काम सुटलं नव्हतं.  जाऊबाईनं पोरीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

तिनं नवऱ्याले सांगतलं. त्यांनी मागावरून मान वर केली नाही. तुझ्या कादंबऱ्या पोरीच्या डोक्यात घुसल्या, म्हणाले. असं पुस्तकात करतात, घरात कोणी करते का? पोरगी दिली ते घर तिचं झालं. तिचा सासरा नत्थूजी घ्याले येणार आहे. विहिणीसाठी मानाचं लुगडं मागावर आहे, ते उतरलं की पोरगी निघन. झालं. आता बोला! जी बाई रोज उठून भूत भूत करते, तिचं खरं भेव कोण खरं मानते?

त्या दिवसापासून त्या लुगड्याचं मले भेव वाटाले लागलं. सकाळी उठलं की आधी नजर तिकडे जाये, काल कितीक विणलं. चांगलं जांभळं लुगडं, लाल किनार, अन् माझ्या डोळ्यापुढं तो कंदील. मी मुद्दाम कांड्या ढिल्या भरल्या. सूत तुटे, सांधाले वेळ जाये, भासरे माझ्या नावानं खेकसत. खेकसा म्हटलं. पण लुगडं थांबलं नाही. जाऊबाई जेवत नव्हती, अन् चंद्रकला तर आपली पेटी उघडायची अन् तशीच बंद करायची.

नत्थूजी एका सकाळी आला, संत्र्याची टोपली घेऊन. बोलणं असं गोड की माश्या बसाव्या. सूनबाई कुठं आहे, तब्येत कशी आहे, तुमच्या लेकीशिवाय आमचं घर सुनं आहे. त्याचा आवाज ऐकला अन् चंद्रकला धान्याच्या कोठीमागं जाऊन बसली. मी तिले बाहेर काढाले गेली तर तिनं माझं मनगट असं धरलं की बोटं उमटली. तो पोटभर जेवला अन् ओसरीवर आडवा झाला. दुपारनंतरच्या मोटारीनं निघायचं ठरलं. लुगडं हातभर राहिलं होतं. मनोहरराव ते संपवाले बसले.

खटखट सुरू झाली, अन् जाऊबाई नेहमीच्या जागी येऊन बसली. हातात पुस्तक. मले वाटलं हिचं डोकं फिरलं. पोरगी निघाली अन् हिले वाचायचं सुचते! त्या हप्त्यातलं पुस्तक सासू-सुनेचं होतं. मालिनी नावाची पुण्याची पोरगी, सासरी छळ, माहेरी पळून आलेली, अन् तिचा सासरा तिले घ्याले आला, इथवर आम्ही ऐकलं होतं. अशा पुस्तकात कोणी ना कोणी घ्याले येतेच.

ती वाचाले लागली. बापानं मालिनीची पेटी उचलून बाहेर ठेवली. मालिनी रडली नाही. आता रडून उपयोग नाही हे तिले समजलं होतं. धोटा इकडून तिकडे जात होता. तिले सासरी पोचवाले तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला, नवा जावई. मोटारीत ती खिडकीशी बसली अन् रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

सासरा घ्याले आला होता, मग हा जावई कुठून निघाला? इथं माझं ध्यान पुस्तकाकडे गेलं. मले अक्षर येत नाही, पण पान उलटावं लागते एवढं तर समजते. जाऊबाईनं किती वेळचं पान उलटलं नव्हतं. तिची नजर पुस्तकावर नव्हतीच. ती खड्ड्यात पाहत होती, नवऱ्याच्या पायाकडे.

"जावई दारातून परत निघाला," ती म्हणाली, "तेव्हा रुखमानं त्याची बाही धरली. म्हणाली, जावईबापू, चहा तरी घेऊन जा. तो म्हणाला, गाडी चुकन."

तिनं नाव घेतलं ते रुखमा. मालिनी नाही.

माग थांबला. घरात एकदम इतकं चूप झालं की ओसरीवरचं घोरणं ऐकू आलं.  मनोहररावांचा हात धोट्यावर तसाच. तेव्हा मले कळलं की रुखमाले उमरेडले कोण सोडून आलं होतं. त्या चहाचं त्यांनीच कधी बायकोले सांगतलं असन, एकदाच, अन् मग जन्मभर ते मिटून ठेवलं.

आता ओरडून वाचाची गरज नव्हती, तरी ती तशाच मोठ्या आवाजात बोलत राहिली. पोळ्याच्या आधी निरोप आला. पाणी भराले गेली अन् पाय घसरला, असं सांगतलं. पण तिची घागर घरात होती, काठोकाठ भरलेली. हे सगळ्याइनं पाहिलं, अन् कोणी विचारलं नाही.

ओसरीवरून आवाज आला. घोरणं कधी थांबलं, आम्हाले समजलंच नव्हतं.

"काय झालं गा मनोहरराव, माग काहून थांबवला? गाडीची वेळ होऊन राहिली."

त्यांनी एक पाय खड्ड्यातून वर घेतला, मग दुसरा. या वेळेस मुंगीचं नाव काढलं नाही. चेहरा असा की मले वाटलं आता हे पडतात. भिंत धरून उठले अन् ओसरीवर गेले.

"लुगडं झालं नाही," म्हणाले. "अन् पोरगी येत नाही."

नत्थूजी आधी हासला. मग समजावलं, मग आवाज चढवला. जातीची पंचायत बसवीन, तुमच्या पोरीले कोणी विचारणार नाही, हे अन् ते. मनोहरराव ऐकत राहिले. मग इतकंच म्हणाले, "बसवा पंचायत. पंचाइले आधी तुमची कापसाची खोली दाखवा."

 नत्थूजीनं विचारलं नाही की कोणती खोली, काय खोली. चुपचाप चप्पल पायात घातली अन् एकटाच निघून गेला. तोपर्यंत माझ्या मनात कुठंतरी होतं की पोरगी थोडं वाढवून सांगत असन. त्याचं ते न विचारणं पाहिलं अन् ते मनातून गेलं. मी दाराची कडी लावली, मग परत जाऊन पाहिली की नीट लागली का.

संध्याकाळी चुलीपाशी मी जाऊबाईले विचारलं, खरं सांगा, पुस्तकात काय होतं?  तिनं शेवट आधीच चोरून वाचला होता. सासऱ्यानं मालिनीच्या डोक्यावर हात ठेवला, झालं गेलं विसर म्हणाला, ती सासरी गेली.

"अन् मग?"

"मग काय," ती म्हणाली. "सगळे जेवले."

त्या दिवशी पहिल्यांदा तिनं सासू-सुनेच्या पुस्तकावर वरवंटा ठेवला.

ते जांभळं लुगडं पुढं पुरं झालं, अन् ते चंद्रकलानंच नेसलं. पोरगी जगली, एवढं बस्स आहे. पण घरात वाचणं बंद पडलं. दुपारी नुसती खटखट, अन् आमचे दोन चरखे. मी काही बोलो तर जाऊबाई हूं म्हणे. मनोहरराव तर बोलतच नव्हते. विणता विणता मधातच थांबत अन् दाराकडे पाहत, जसं कोणी चहाले बोलावून राहिलं.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मागावर बसाच्या आधी ते बायकोले म्हणाले, लायब्ररीत जाऊन ये. ती पाहतच राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पण भुताचं आणजो," म्हणाले. "घरच्या माणसाइचं आणू नको. मले भेव लागते."

मग त्यांनी काठी घेतली, खड्ड्यात चारी बाजूनं खडखड केलं, अन् पाय आत टाकले.