उडी मधूची होती

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी वाद घालत होतो. फोनवर मधूचा मुलगा होता. "काका, बाबा गेले... शाळेत जायची तयारी करून राहिले होते, बसल्या जागी..." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि त्या माणसाशी आणखी पाच मिनिटं भांडलो. मग मधेच थांबून त्याला म्हटलं, "जा तुम्ही, राहू द्या." मी मुळातच तापट आहे. कोणी गेलं की मला आधी रडू येत नाही, राग येतो. मधुकर माझा पांढुर्ण्याचा, लहानपणापासूनचा मित्र. पुढे सौसरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागला आणि तिथेच घर बांधून राहिला. त्याची माफी मागायची होती. पस्तीस वर्षं मागायची होती, आणि मी प्रत्येक वेळी पुढच्या खेपेवर ढकलत आलो होतो.

ऐंशीच्या दशकात आमच्या आळीत टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि मधूच्या घरी चक्क कॉम्प्युटर आला. त्याचा मामा कुवेतला नोकरीला होता, त्यानं सुट्टीवर येताना आणला. जाड वहीएवढा काळा किबोर्ड, तोच सगळा कॉम्प्युटर. तो टीव्हीला जोडायचा आणि खेळाची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये लावायची. कॅसेट सुरू झाली की खेळ चढेपर्यंत पाच-सात मिनिटं असा कर्कश आवाज निघे की मधूची आई आतून ओरडायची, "काय रे पोट्टेहो, मांजर कोंडली का त्या डब्यात?" तेवढ्यात लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. खेळ होता एका टोपीवाल्या बुटक्या माणसाचा. तो भुयारातून चालायचा, खड्ड्यांवरून आणि सरकत्या पट्ट्यांवरून उड्या मारत किल्ल्या गोळा करायचा, आणि सगळ्या मिळाल्या की पुढच्या भुयाराचं दार उघडायचं.

आता आमची चूक सांगतो. मामानं आणलेला प्लग आपल्या सॉकेटात बसेना, म्हणून त्यानं तो कापून वायरी सरळ भोकांत घातल्या आणि आगपेटीच्या काड्या खोचल्या. तरी त्या निसटत, म्हणून तो एका हातानं वायर दाबून बसला आणि दुसऱ्या हातानं आम्हाला खेळ दाखवू लागला. 'ओ' दाबलं की माणूस डावीकडे, 'पी' दाबलं की उजवीकडे. उडीला हात उरला नाही, तेव्हा मधूला म्हणाला, "ते खालची लांब पट्टी तू दाब." झालं! हा दोघांनी खेळायचा खेळ आहे, एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं उडी मारायची, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं. मामा परत गेला, वायरमननं नवा प्लग बसवून दिला, पण नियम तोच राहिला. मी चालवणारा, मधू उडी मारणारा. सोबत माहितीपुस्तक नव्हतं, आणि पांढुर्ण्यात विचारणार कोणाला?

सुरुवातीला मी ओरडायचो, "हान, मधू, हान!" आणि उडी एक तर लवकर पडायची किंवा उशिरा. शिव्याही पुष्कळ दिल्या मी त्याला. पण एका उन्हाळ्यात ओरडणं आपोआप थांबलं. मी काठाशी नेलं की त्याची उडी पडलेलीच असायची. भुयारांना आम्ही आमचीच नावं दिली होती. वरून दगड पडायचे ते गोटमार, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात होणारी दगडफेकीची जत्रा; पट्टे फिरायचे ते जिनिंग, गावातल्या कापसाच्या गिरणीवरून. माणूस मेला की आडवा पडायचा, त्याला मधू "जामसांवली झाली" म्हणायचा, कारण सौसरजवळच्या त्या गावातला मारुती निजलेला आहे. आईनं ऐकलं की पाठीत धपाटा बसे, "देवाचं नाव घेऊन राहिला खेळात!" शेवटच्या भुयारापर्यंत आम्ही तीनदा पोचलो आणि तिन्ही वेळा मरून आलो. मधू म्हणायचा, "होईन बे. आपल्याले कुठं जाचं हाय?"

मला जायचं होतं. मी नागपूरला इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्याच वर्षी पोळ्याला घरी आलो तेव्हा होस्टेलचे दोन मित्र गोटमार बघायला सोबत आले. दुसऱ्या दिवशी मधूनं आम्हाला हौसेनं घरी बोलावलं, पुरणपोळी खाऊ घातली आणि कॉम्प्युटर लावला. आम्ही दोघं एका किबोर्डाशी खांद्याला खांदा लावून बसलो तसे ते दोघे हसायलाच लागले. "अरे, हा एकट्यानं खेळायचा गेम आहे! दोन माणसं काय करताय?" मला त्या क्षणी कळलं की ते खरं बोलताहेत. आणि मला लाज वाटली... चुकल्याची नाही, त्यांच्यासमोर गावठी दिसल्याची. मी म्हणालो, "मला माहीत होतं रे. हा मधूच ऐकत नाही. खेड्यातली अक्कल." मधूनं पट्टीवरचं बोट उचललं. माझ्याकडे बघितलंही नाही. "असन बाबा. खेळा तुम्ही," म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला.

त्यानंतर आम्ही त्या कॉम्प्युटरसमोर कधी बसलो नाही. मैत्री तुटली नाही. लग्नं, बारशी, आईवडिलांची आजारपणं, सगळ्यात तो धावून आला. पण त्या खेळाचा शब्द त्यानं काढला नाही आणि मीही नाही. दर दिवाळीला फोनवर म्हणायचा, "ये ना विन्या सौसरले, बसू निवांत." मी हो म्हणायचो आणि जायचो नाही. तासाभराचा तर रस्ता. कामं होती हे खरं, पण त्याच्यासमोर निवांत बसायची मला भीती वाटायची, हे जास्त खरं.

तेरवीला गेलो तेव्हा गर्दीत काही बोलणं झालं नाही. महिन्याभरानं सुनंदावहिनींचा फोन आला, "भाऊजी, एकदा येऊन जा. काम हाय." दुपारी पोचलो. चहा झाल्यावर त्या मला मधूच्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर लॅपटॉप होता आणि समोर दोन खुर्च्या. वहिनींनी सरावल्या हातानं काहीतरी दाबलं आणि पडद्यावर तो टोपीवाला आला. मुलानं म्हणे नेटवरून शोधून घालून दिला होता. किती लहान होता तो! आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर मी त्याला जन्मभर पांढऱ्या टोपीचा समजत होतो, ती पिवळीधमक निघाली.

"रोज शाळेतून आले का अर्धा तास," वहिनी म्हणाल्या. "मले शिकवलं ह्यायनं. चालवाचं मी, उडी मारत हे."

मी कसाबसा म्हणालो, "वहिनी, तो खेळ एकट्याचा आहे. मधूला माहीत होतं ते."

"माहीत होतं ना. म्हणत, ते नागपूरचे पोरं बराबर होते. पण मले एकट्यानं नाई खेळाचा." त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली. "ह्या खुर्चीले विन्याची जागा म्हणत. तो येईपर्यंत तू सांभाळ, म्हणत."

इतकी वर्षं ज्याच्यासमोर बसायला भीत होतो, तो माझी खुर्ची मांडून वाट बघत होता. डोळे पुसले आणि टेबलाशी बसलो. वहिनी शेजारी बसल्या. माणूस खड्ड्याच्या अलीकडे उभा होता. मी 'पी'कडे बोट नेलं, तर वहिनींचं बोट आधीच तिथे आलेलं. दोघांनीही हात मागे घेतले, पुन्हा पुढे केले, पुन्हा तेच झालं. खालची लांब पट्टी मधोमध घासून गुळगुळीत झाली होती, आणि तिच्यावर कोणाचाच हात जात नव्हता.