जावयाचा पहिला मोठा सामना: ईडन प्रेरी ते कॅन्सस सिटी

मंगळवारी सकाळी आमच्या लेकीचा, मृणालचा फोन आला. "आई, डॅनीला वर, मेजर लीगमध्ये बोलावलंय! उद्या कॅन्सस सिटीत मॅच. मी फ्लाइट बुक करतेय, तुम्ही दोघं ड्राइव्ह करून या ना, प्लीज!" मी "अगं बाई!" म्हटलं आणि पुऱ्यांचं पीठ मळायला घेतलं.

डॅनी आमचा जावई. बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. २००१ साली कॉलेज संपवून तो मायनर लीगमध्ये गेला. म्हणजे छोट्या गावांचे संघ, लांबलांबचे बसप्रवास, तुटपुंजा पगार. टीव्हीवर दिसतात ते मेजर लीगवाले, आणि तिथलं बोलावणं बहुतेकांना येतच नाही. मध्ये डॅनीच्या कोपराचं ऑपरेशन झालं. आता २००७चा ऑगस्ट उजाडला होता. यंदा जमलं नाही तर सोडायचं, असं दोघांनी ठरवलेलं.

आमच्या ईडन प्रेरीहून आय-थर्टीफाइव्ह हायवे धरला की थेट कॅन्सस सिटी. सात तास धरा, डे मॉइनजवळ रस्त्याचं काम निघालं तर आठ. आयोवाभर दुतर्फा मका असला तरी शाकाहारी माणसाला खायला फारसं काही मिळत नाही. मी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. हे गाडी चालवत होते. हे हाडांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले.

बुधवारी दुपारी डॅनीच्या हॉटेलजवळ जेवायला भेटलो. तिथलं बार्बेक्यू प्रसिद्ध आहे, पण बीन्समध्येसुद्धा मांस असतं, विचारून घ्या. डॅनीने काहीच खाल्लं नाही. त्याने बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"बाबा, जरा बघता?"

ह्यांनी अंगठ्याने कोपराची आतली बाजू दाबत नेली. डॅनीचा चेहरा हलला नाही, पण मी शेजारीच होते. टेबलाखाली त्याची दुसरी मूठ आवळलेली दिसली.

"टीमच्या डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर आज फेकायला मिळणार नाही."

"सांग त्यांना. लिगामेंट ताणलंय. कधीतरी तुटणार."

"आज?"

ह्यांनी हात काढून घेतला. "ते कुणीच सांगू शकणार नाही."

"बाबा, प्लीज, डोन्ट," मृणाल ताटाकडे बघत म्हणाली. डॅनीने बाही खाली केली, "थँक्स, बाबा" म्हणाला आणि टीमच्या बसकडे गेला.

स्टेडियमवर लवकर पोचा, पार्किंगला वेळ लागतो. टोपीही हवीच, संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. खेळाडूंच्या घरच्यांची तिकिटं खिडकीवर नावाने ठेवलेली असतात. डॅनीचा संघ बराच मागे पडल्यावर, सामना संपत येताना त्याला बोलावलं. पहिल्या फलंदाजाने त्याचा चेंडू सणसणीत मारला आणि पहिल्या बेसवर पोचला. दुसऱ्याला चारही चेंडू बाहेर पडले, म्हणून तो फुकटातच बेसवर गेला. मी फक्त त्याच्या कोपराकडे बघत होते. "हात खाली येतोय त्याचा," हे पुटपुटले. तिसऱ्याने मारलेला चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाकडे गेला आणि एका फटक्यात दोघे बाद झाले. चौथ्याने तीनदा बॅट फिरवली ती हवेतच, तोही बाद, आणि डाव संपला.

मृणाल रडतही होती आणि ओरडतही होती. ह्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सामना संपेपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

परतताना मी विचारलं, "तुम्ही त्याच्या टीमला कळवायला हवं होतं का?"

"सांगायचं ते त्याला सांगितलं. हात त्याचा आहे." बऱ्याच वेळाने म्हणाले, "पण काल झोप लागली नाही मला."

सप्टेंबरात ते लिगामेंट तुटलं. डॅनीचं खेळणं तिथेच संपलं. आता तो टेक्सासात, प्लेनोजवळ, कॉलेजच्या पोरांना चेंडू फेकायला शिकवतो. ह्या वर्षभरात लोकांनी विचारलं, ट्रिप कशी झाली? रस्ता उत्तम, माणसं प्रेमळ, जरूर जा, असंच मी सांगते. पण त्या संध्याकाळी मी सामना सोडून एका कोपराकडेच बघत बसले होते, हे कुणाला सांगत नाही.

गेल्या आठवड्यात धीर करून फोनवर विचारलं, "तेव्हा दुखत होतं का रे?"

"हो आई. प्रत्येक चेंडूला."

"मग?"

"पण चेंडू माझ्या हातात दिला होता ना त्यांनी."

 जेवलास का, एवढंच विचारलं.