साहेबाचं पान

सर्वपित्री अमावास्येला आमच्या समोरच्या घरात एक पान इंग्रज साहेबासाठी वाढलं जाई. घर दुबईच्या अल कुसैस भागातलं. काकू, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात अशी चार माणसं. मुलाचं देराच्या बाजारात मसाले आणि कडधान्यांचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात बातम्या तपासण्याचं काम करत होतो.

हा साहेब एकोणिसाव्या शतकातला मुंबईचा कापूस व्यापारी. काकूंच्या सासऱ्यांचे आजोबा त्याच्या गोदामात मुकादम होते. मुकादमांना पटकी झाली तेव्हा साहेबाने त्यांना आपल्या बंगल्याच्या आवारात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या डॉक्टरकडून उपचार करवले. ते वाचले. दोन वर्षांनी साहेबाची बायको आणि दोन्ही मुलं तशाच साथीत गेली. विलायतेला परत जाताना तो मुकादमांना म्हणाला की, माझ्यामागे माझी आठवण काढणारं कुणी उरलं नाही. दरवर्षी तुमच्या नावाचं पान वाढू, असा मुकादमांनी शब्द दिला. या हकिगतीला घरातल्या सांगण्यापलीकडे पुरावा नव्हता. कागद एकच होता: साहेबाच्या सहीचं शिफारसपत्र, आणि त्यावर त्याच्या स्कॉटलंडमधल्या गावाचं नाव.

ज्यांची मृत्युतिथी माहीत नसते त्यांचं श्राद्ध अमावास्येला करतात, म्हणून साहेब अमावास्येला. त्याच्यासाठी भाजी बिनतिखटाची निराळी होई.

त्या वर्षी मुलाने सांगून टाकलं की हे आता बंद. वडिलांची तिथी, आजोबांची तिथी तो पाळणार होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण ज्याला घरातल्या कुणी शंभर वर्षांत पाहिलेलं नाही, जो कधी मेला ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी सुनेने सकाळपासून चुलीपुढे उभं का राहायचं? काकूंचे गुडघे गेलेले होते. स्वयंपाक आता सुनेच्याच अंगावर होता, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी वर्षभराची मुदत मागितली. तिथी सापडली तर पान चालू ठेवायचं, नाहीतर बंद. मुलगा लगेच कबूल झाला. तिथी सापडेल असं त्याला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या. "तुम्हा पेपरवाल्यांकडे सगळ्यांच्या मरणाच्या तारखा असतात," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे ताज्या मेलेल्यांच्या असतात, असं मी सांगितलं.

"मग शिळ्यांचं कोण बघतं?"

मी त्या गावाजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला पत्र लिहिलं. चार महिने उत्तर नव्हतं. काकू दर शुक्रवारी विचारत आणि मुलगा दर शुक्रवारी हसून "इन्शाल्ला" म्हणे. पाचव्या महिन्यात ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये जाड पाकीट आलं. आत एका जुन्या स्थानिक नियतकालिकातल्या लेखाच्या छायाप्रती होत्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी तो लेख मराठीत सांगितला. साहेब विणकराचा मुलगा. विसाव्या वर्षाच्या आतच मुंबईला आला, कारकुनी केली, मग स्वतःची पेढी काढली. बायकोमुलांच्या मृत्यूचा उल्लेख एका वाक्यात होता. तो गावी परतला तेव्हा त्याच्यापाशी भरपूर संपत्ती होती. गावाजवळची सगळी जमीन त्याने विकत घेतली, मोठं घर बांधलं, उघड्या टेकड्यांवर झाडं लावली. पुन्हा लग्न केलं नाही. मुलांच्या नावाने शाळा बांधली. म्हातारपणी तो दुपारी त्या शाळेच्या कुंपणापाशी उभा राही, आत जात नसे. एका सकाळी घरीच गेला. तारीख दिलेली होती.

काकूंनी डोळे मिटून हात जोडले.

लेखात आणखी एक परिच्छेद होता. तो गाळावा असं क्षणभर मनात आलं; गाळला नाही. जमीन घेतल्यावर साहेबाने तिथे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळांना उठवलं आणि मेंढ्या पाळल्या. काही कुटुंबं समुद्रकाठच्या खडकाळ पट्टीवर गेली, काही जहाजाने परदेशी. त्यांची नावं लेखात नव्हती.

नात आजीकडे बघत म्हणाली, "आजी, ही वॉज नॉट अ नाइस मॅन."

"नाइस माणसांनाच जेवायला घालायचं ठरवलं," काकू म्हणाल्या, "तर तुझे पणजोबा दरवर्षी उपाशी राहतील."

मुलगा हसला, पणजोबांचे किस्से त्याला ठाऊक असावेत. मग गंभीर होऊन त्याने आईला विचारलं की, हे ऐकल्यावरही पान वाढायचं का. लोकांना घरातून काढलेला माणूस. आपणही इथे दर दोन वर्षांनी भाड्याचा करार वाढवून घेतो, घरमालकाने उद्या यल्ला, चला निघा म्हटलं तर सामान बांधायचं.

"शब्द मुकादमांनी दिलाय," काकू म्हणाल्या. "साहेब चांगला होता म्हणून नाही दिला. एकटा होता म्हणून दिला."

तारखेवरून तिथी काढायचं काम बर दुबईच्या एका गुरुजींनी केलं. त्यांनी पुण्याला फोन करून जुनं पंचांग पाहायला लावलं. षष्ठी निघाली. परक्या माणसाचं चालतं का, हेही मुलाने विचारून घेतलं. तर्पणात मित्राचं आणि धन्याचंही नाव घेतात, असं गुरुजी म्हणाले. मुलाची तेवढी पळवाटही बुजली. पितृपक्षातल्या षष्ठीला सुनेने स्वयंपाक केला, मुलाने दुकान उशिरा उघडलं आणि साहेबाला प्रथमच स्वतःच्या दिवशी पान मिळालं.

अमावास्येला घरात काही करायचं कारण उरलं नव्हतं. तरी आदल्या दिवशी काकूंनी सुनेला शारजातल्या रोल्लाच्या बाजारातून केळीचं पान आणायला सांगितलं. सकाळी मला बोलावून विचारलं, "उठवलेली कुळं किती होती?"

लेखात आकडा नाही, मी म्हटलं.

"आणि ती कधी मेली तेही नाही."

तेही नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि सुनेला एकच पान मांडायला सांगितलं, पण भात जास्त वाढ म्हणाल्या. सुनेने निमूटपणे दोन मुदी वाढल्या, मग थांबून आपणहून तिसरी.

मुलगा देराला निघण्यासाठी बूट घालत होता. पान पाहून त्याने विचारलं की हे आता कुणाचं. उठवलेल्या कुळांचं, नातीने सांगितलं. त्याने एका पायातला बूट काढून ठेवला, वॉचमनकडून गच्चीची किल्ली मागवली आणि पान दोन्ही हातांनी उचललं. भात ओला होता, पान मधोमध वाकत होतं. नातीने खालून हात लावला आणि दोघं जिना चढायला लागली.