अल्फारेटा: माइकच्या बहिऱ्या बाजूला

फोन बुधवारी आला. "सोमवारी हिच्या घशाचं ऑपरेशन आहे," अल्फारेट्याचे काका म्हणाले. "डॉक्टर म्हणतात बोलेल, पण गाण्याचं सांगता येत नाही. तू मंडळाचे कार्यक्रम रेकॉर्ड करतोस ना? येशील?" शालिनीकाकू व्हर्जिनियात होत्या तोवर आमचा एक गणपती त्यांच्या गाण्यावाचून गेला नाही. आणि मी गाढव, एक ओळ टेपवर घेऊन ठेवली नव्हती! ऑफिसात शुक्रवारचा सिक डे सांगून मोकळा झालो.

शहाऐंशीचा जून. हर्नडनहून पहाटे पाचला निघालो. कुणाला हा रस्ता करायचा असेल तर रिचमंडच्या जरा पुढेपर्यंत ९५ नंबरचा हायवे आणि मग ८५ धरा, तो थेट अटलांटाला पोचवतो, अल्फारेटा त्याला लागूनच. तेव्हा ताशी पंचावन्न मैलांच्या वर गेलं की पोलीस मागे लागत, म्हणून बारा तास लागले. पेट्रोल गॅलनला डॉलरच्या आत होतं. मागच्या सीटवर टेपरेकॉर्डर आणि दोन माइक, पट्टा लावून बसवलेले. साउथ कॅरोलिनात रस्त्याकडेला खारवून उकडलेल्या शेंगा मिळतात, थेट आपल्या घरच्यासारख्या. त्या चुकवू नका. विकणाऱ्या बाईंनी मागची यंत्रं बघून विचारलं, "वेडिंग?" मी म्हटलं, "नो मॅम, सिंगिंग."

शनिवारी सकाळी बैठकीच्या खोलीत सतरंजी घातली. घरघर टेपवर येऊ नये म्हणून एसी बंद, फ्रीज बंद. (फ्रीज बंद केलात की गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते.) दहा मिनिटांत तिघंही घामाने निथळायला लागलो. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "दोन गाणी होतील रे. तिसरं मागू नकोस."

काका पेटीवर. तीस वर्षं काकूंच्या डाव्या गुडघ्याला गुडघा लावून बसत आलेले, तसेच बसले. त्यांना "जरा लांब सरका" म्हणायची माझी जीभ रेटेना. वडीलधारा माणूस, त्यातून हा असा दिवस! माइक दोघांच्या मधोमध ठेवला, मंडळात ठेवायचो तसाच.

पहिलं गाणं झालं. टेप मागे घेऊन कानाला हेडफोन लावले. नुसती पेटी! मागे कुठेतरी, शेजारच्या घरातून यावा तसा काकूंचा आवाज.

"कसं आलंय?" काकांनी विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण बोलवलं नाही. "पेटीने गळा गिळलाय, काका. चूक माझी आहे. तुम्हाला शेजारी बसू द्यायला नको होतं."

काका ताडकन म्हणाले, "मी डावीकडेच बसतो. तिला सूर डावीकडून लागतो."

"अहो," काकू म्हणाल्या, "एकच उरलंय. तो सांगेल तिथे बसा."

या माइकला पुढूनच ऐकू येतं, पाठीमागे तो जवळजवळ बहिरा. म्हणून तो काकूंसमोर वीतभर अंतरावर ठेवला, ओठांच्या जरा खाली, माइकचं तोंड वर करून, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. आणि काकांना बसवलं बरोबर त्याच्या पाठीमागे, चार हात दूर, काकूंच्या समोरासमोर.

काकू गायल्या. मी टेपरेकॉर्डरवरचा आवाजाचा काटा बघत होतो आणि श्वास घ्यायला भीत होतो. अंतऱ्यात आवाज एकदा कापला, वाटलं संपलं. तेव्हा त्यांनी काकांकडे पाहिलं आणि पुन्हा सूर धरला. शेवटचा सूर टेकला आणि खोकल्याची जी उबळ आली ती थांबेना. त्या खोकल्यातच काका काहीतरी पुटपुटले. मी त्यांच्याच बाजूला होतो, मला ऐकू आलं.

हेडफोनमध्ये या वेळी निव्वळ काकू होत्या. मला रडूच आलं. फ्रीज चालू केला, गारठलेली किल्ली घेतली आणि रविवारी परत निघालो.

ऑपरेशन नीट झालं. गाणं गेलं. ऑक्टोबरात काकूंचा फोन आला, कुजबुजीएवढा आवाज. "टेप रोज ऐकते. शेवटी मी खोकतेय तेव्हा हे काहीतरी बोलतात ना? कळत नाही. विचारलं तर 'काही नाही' म्हणतात. तू ऐकलंस?"

"ऐकलं. म्हणाले, 'तीस वर्षं ऐकत होतो, तुला गाताना आज पाहिलं.'"

"परत सांग," काकू म्हणाल्या.