गुड कशावरून?

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत कुणी ‘गुड कोलेस्टेरॉल’ म्हटलं, की कांबळेमॅडम हातातलं काम थांबवून विचारायच्या, “गुड कशावरून?” नव्या मुलांना वाटे, मॅडम चिडल्या. खरं तर हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारला होता, आणि तो त्यांना महाग पडला होता.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशी एन्डोथेलियल लायपेज नावाचं एन्झाइम तयार करतात. ते या चांगल्या कोलेस्टेरॉलचे कण मोडतं. त्याला रोखलं तर चांगलं कोलेस्टेरॉल वाढेल आणि हार्ट अटॅक टळतील, अशी आशा होती. मॅडमनी उमेदीची वर्षं त्यामागे घातली. त्यांचा थोरला भाऊ ऐन चाळिशीत अटॅकने गेला होता. नायगावच्या चाळीत, वहिनीचा हात धरून त्या म्हणाल्या होत्या, “यावर औषध शोधीन मी.”

मग परदेशांतून निष्कर्ष येऊ लागले. ज्यांचं हे एन्झाइम जन्मतःच कमजोर, त्यांच्या रक्तात चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर. पण अटॅक काही कमी नव्हते. मी म्हणाले, “मॅडम, आपल्याकडे वेगळं असेल.”

“रक्त आपल्या सोयीने वागत नाही गं,” त्या म्हणाल्या.

आम्ही आमच्याकडचे रक्ताचे नमुने पुन्हा तपासले. तेच निघालं. त्या दुपारी मॅडमनी डबा उघडला नाही. शोधनिबंध मात्र त्यांनीच लिहिला, एकही वाक्य मऊ न करता.

पुढे नायगावच्या विहारात त्यांचं व्याख्यान आणि नंतर बीपी तपासणी ठेवली. मीही सोबत होते. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, “सुरेखा, तुझं औषध कधी येणार?”

मॅडमनी चष्मा काढला. “नाही येणार, वहिनी. माझी वाटच चुकली.”

वहिनी म्हणाल्या, “ह्यांच्या छातीत दुखायचं, तेव्हा सगळे गॅस म्हणायचे. डॉक्टरसुद्धा. ‘माझं चुकत असेल’ असं एकाने जरी म्हटलं असतं, तरी आम्ही पुढे दाखवलं असतं.”

वहिनी उठल्या, टेबलाजवळच्या खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला. “बीपीचं मशीन आणलंयस ना? आधी माझं बघ.”

मॅडम पट्टा बांधू लागल्या. तो सारखा निसटत होता, म्हणून त्याचं एक टोक वहिनींनीच धरून ठेवलं.